ब्राउनचे चार खंड, आणि त्या खंडांपलीकडचा ब्राउन

प्रश्न थोडक्यात असा आला होता: "मी दोन वर्षं फारसी शिकतोय. शिक्षक म्हणतात, एडवर्ड ब्राउनचा फारसी साहित्याचा इतिहास वाचा. दुसरे एक अभ्यासक म्हणतात, तो साम्राज्याच्या काळातला प्राच्यविद्यापंडित, आता कालबाह्य. मग तेहरानमध्ये त्याच्या नावाचा रस्ता अजून कसा? त्याचा वारसा नेमका काय, आणि दख्खनच्या इतिहासाची फारसी कागदपत्रं वाचायची असतील तर त्याचा उपयोग आहे का?"

मी पुण्यात बसून गेली तीसेक वर्षं आदिलशाही-निजामशाही काळातले फारसी कागद वाचतो, शिकवतो. ब्राउन माझ्या टेबलावर इतकी वर्षं आहे की त्याला अहो-जाहो करणं जमत नाही. एकेरीत लिहितो, गैरसमज नको.

आधी रस्ता. १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरानमधल्या रस्त्यांची नावं धडाधड बदलली. ब्रिटिश वकिलातीच्या बाजूच्या चर्चिल रस्त्याला आयरिश उपोषणकर्त्या बॉबी सँड्सचं नाव दिलं गेलं. यात खोडसाळपणा होता आणि तो मुद्दाम होता. पण विद्यापीठाजवळच्या रस्त्यावरचं ब्राउनचं नाव कुणी काढलं नाही. इंग्रजांवर इतका राग असलेल्या शहरात एका इंग्रजाला ही सवलत मिळाली ती कवितेच्या प्रेमाखातर नव्हे. कवितेवर प्रेम करणारे इंग्रज पुष्कळ होते. त्याचं कारण पुढे येईल.

ब्राउनचा जन्म १८६२ चा, ग्लॉस्टरशरमधल्या उली गावचा. वडील न्यूकासलचे मोठे अभियंते. मुलानेही तेच करावं अशी त्यांची इच्छा. १८७७-७८ चं रशिया-तुर्कस्तान युद्ध सुरू झालं तेव्हा पोरगा पंधरा वर्षांचा. हरणाऱ्या तुर्कांची बाजू त्याने मनाशी घेतली, ती इतकी की तुर्की सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून तुर्की शिकायला बसला. युद्ध संपलं, सैन्यात जाणं राहून गेलं, भाषा मागे उरली. तुर्कीसाठी अरबी लागते, तुर्की कवितेसाठी फारसी लागते, असं करत करत केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास करता करता हा तिन्ही भाषांत बुडाला.

आपल्यासाठी गंमतीची गोष्ट ही, की त्याला फारसीची गोडी लावणारा केंब्रिजमधला एक हिंदी विद्यार्थी होता, तोही हिंदू. सादीचं 'गुलिस्ताँ' ब्राउनने पहिल्यांदा त्याच्यासोबत वाचलं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या कायस्थ, खत्री, ब्राह्मण घरांत 'गुलिस्ताँ' हे मुलांचं पाठ्यपुस्तक होतं, तेव्हा यात नवल काही नाही. तरी हा धागा लक्षात ठेवा. पुढे हाच ब्राउन हिंदुस्थानी फारसीविषयी काय म्हणतो ते बघायचं आहे.

दुसरे गुरू लंडनच्या लाइमहाउस भागात राहणारे मिर्झा मुहम्मद बाक़िर. मूळ फार्स प्रांतातल्या बवानातचे. हे गृहस्थ आयुष्यात क्रमाने शिया, दरवेश, ख्रिस्ती, नास्तिक आणि यहुदी होऊन शेवटी स्वतःच्याच एका धर्मापाशी थांबले होते. ब्राउन त्यांच्याकडे जाऊन म्हणायचा, रूमीची मसनवी वाचू या, हाफ़िज़ वाचू या. मिर्झासाहेब म्हणायचे, ते ठेव बाजूला, माझ्या कविता वाच! आणि त्या कविता भयंकर दुर्बोध. ब्राउन मुकाट वाचायचा. भाषा शिकवणारा माणूस मिळाला तर त्याच्या कविता सोसाव्या लागतात, हा अनुभव आपल्याकडच्याही अनेकांना असेल.

याच सुमारास एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्याला जो सल्ला दिला, तो त्याने पुढे स्वतःच नोंदवून ठेवला आहे. त्याचा आशय असा: घरची मिळकत असेल तर खुशाल पौर्वात्य भाषांमागे जा, त्या निराश करणार नाहीत, पोट भरायचं असेल तर मुकाट डॉक्टर हो, आणि सरकारकडून कशाचीच अपेक्षा ठेवू नकोस. फारसी शिकायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हा परिच्छेद पहिल्या दिवशी वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी जे येतात ते टिकतात.

१८८७ मध्ये तो डॉक्टर झाला, आणि त्याच वर्षी पेम्ब्रोकने त्याला फेलो केलं. त्या बळावर तो इराणला गेला. त्रेबिझोंद, एर्झुरूम, तबरीझ, तेहरान, इस्फहान, शिराझ, यझ्द, कर्मान. एक वर्ष. परत आल्यावर फारसीचा अध्यापक, १९०२ पासून केंब्रिजचा अरबीचा प्राध्यापक, आणि १९२६ च्या जानेवारीत मरेपर्यंत तिथेच. इराणला तो पुन्हा कधीच गेला नाही. ज्या माणसाला इराणी लोक आपला मानतात, तो तिथे आयुष्यात एकदाच राहिला, तेही वर्षभर.

त्या वर्षावरचं पुस्तक, 'अ इयर अमंग्स्ट द पर्शियन्स', १८९३ मध्ये निघालं. तेव्हा फारसं गाजलं नाही. तो गेल्यावर १९२६ मध्ये पुन्हा छापलं आणि मग अभिजात ठरलं. तुम्ही आधी हेच वाचा, खंड नंतर. यात देवळं-मशिदींची वर्णनं कमी आहेत आणि माणसांचं बोलणं जास्त. बाबी या नव्या पंथाचे लोक लपूनछपून त्याला भेटतात, मुल्ला वाद घालतात, दरवेश रात्र रात्र बडबडतात. कर्मानला त्याचे डोळे आले, वेदना असह्य म्हणून अफू घेतली, मग अफूच त्याला घेऊन बसली. स्वतः डॉक्टर असून ही सवय कशी लागली आणि सोडताना काय झालं, हे त्याने लपवलेलं नाही.

यझ्दच्या पानांत मुंबईचा एक धागा आहे. तिथल्या जरथुष्ट्री लोकांत तो राहिला. त्यांना मळकट पिवळे कपडेच घालावे लागत, घोड्यावर बसायची बंदी होती, हे त्याने टिपलं. या लोकांवरचा जिझिया नुकताच, १८८२ मध्ये, उठला होता. त्यामागे मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये इराणला पाठवलेल्या मानकजी लिमजी हातारिया यांची जवळजवळ तीन दशकांची खटपट होती. आणि याच मानकजींच्या सांगण्यावरून, त्यांच्याकडे काम करणाऱ्या मिर्झा हुसैन हमदानींनी बाबी पंथाचा एक इतिहास लिहिला होता. 'तारीख़-ए-जदीद' म्हणतात तो. ब्राउनने १८९३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. म्हणजे इराणमधल्या एका नव्या पंथाचा इतिहास मुंबईच्या एका पारशाने लिहवून घेतला आणि केंब्रिजच्या एका डॉक्टरने जगापुढे ठेवला. बाबी-बहाई विषयावर ब्राउनने पुष्कळ काम केलं. १८९० मध्ये अक्काला बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लांना आणि सायप्रसला त्यांचे प्रतिस्पर्धी सुब्ह-ए-अज़ल यांना, दोघांनाही जाऊन भेटला. त्या वादात मी शिरत नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यातले पक्ष अजून गरम आहेत.

आता खंड. चार आहेत: १९०२, १९०६, १९२० आणि १९२४. पहिला फिर्दौसीपर्यंत, दुसरा सादीपर्यंत, तिसरा मंगोल-तैमुरी काळाचा, चौथा १५०० पासून त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत. ही फक्त कवींची जंत्री नाही, आणि या कामाचं खरं नावीन्य त्यातच होतं. इराणी डोक्यातून निघालेलं सगळं त्याने इराणचं वाङ्मय मानलं: अरबीत लिहिलेलं, वैद्यक, पंथ, बंडं, तत्त्वज्ञान. पहिल्या खंडात कितीतरी पानं फारसी कविता येतच नाही. आपल्याकडे कुणी मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना महाराष्ट्रात लिहिले गेलेले संस्कृत ग्रंथ, जैनांचं प्राकृत आणि दख्खनच्या दरबारांतली फारसी हे सगळं एका धाग्यात ओवलं तर कसं होईल, तसं. असा इतिहास आपल्याकडे अजून व्हायचाच आहे.

पण खंडांतले निकाल? ते बरेच शिळे झाले आहेत, आणि काही तर जन्मतःच शिळे होते. फिर्दौसीचं महाकाव्य शाहनामा त्याला आवडत नसे. स्पष्ट लिहितो की अरबांच्या मुअल्लक़ात या प्राचीन कवितांशी त्याची तुलनाच नको. एवढं इराणप्रेम, आणि इराणी माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्या ग्रंथाविषयी हे मत! त्याची पद्य भाषांतरं व्हिक्टोरियन यमकांत अडकलेली आहेत. ती ओलांडून पुढे जा. मूळ ओळी त्याने दिल्या आहेत तिथे थांबा.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सुरू होतं. ब्राउनचा टिकलेला वारसा त्याच्या निकालांत नाही, छापलेल्या मूळ ग्रंथांत आहे, आणि ते छापताना त्याने कुणाला शेजारी बसवलं त्यात आहे.

त्याच्याआधी काय स्थिती होती ते लक्षात घ्या. फारसी कवींची चरित्रं ज्यात आहेत ते जुने तज़किरे बहुतेक हस्तलिखितांत पडून. एखादा शिळाछापावर निघालेला, तोही पाठभेद न बघता. ब्राउनने १९०१ मध्ये दौलतशाहचा तज़किरा छापला, मग औफ़ीचा 'लुबाबुल अलबाब' दोन भागांत, १९०३ ते १९०६. दौलतशाहवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. हा माणूस बिनदिक्कत चुका करतो असं त्याचंच म्हणणं. तरी छापला, कारण त्याच्यानंतरचे सगळे त्याच्यावरूनच उतरवत आले होते. चूक कुठून सुरू झाली हे कळायला चुकीचं पुस्तकही हाताशी लागतं. बखरी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग गिब स्मारक मालिका. गिब हा उस्मानी तुर्की कवितेचा अभ्यासक, १९०१ मध्ये चाळिशीच्या मध्यातच वारला. त्याच्या सहा खंडांच्या इतिहासाचा फक्त पहिला बाहेर आला होता. उरलेले पाच ब्राउनने संपादून काढले, स्वतःचं काम बाजूला ठेवून. मित्राच्या मागे राहिलेल्या कागदांसाठी इतकी वर्षं देणारे लोक मला फार माहीत नाहीत. गिबच्या आईने मुलाच्या स्मरणार्थ पैसा दिला आणि त्यातून मालिका उभी राहिली. पहिला ग्रंथ १९०५ चा, बाबरनाम्याच्या हैदराबादी हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती. पुढे जुवैनीचा मंगोलांचा इतिहास 'तारीख़-ए-जहाँगुशा', पुढे निकल्सनची मसनवी, १९२५ ते १९४० या काळात आठ खंडांत. निकल्सन हा ब्राउनचाच विद्यार्थी. रूमीचं नाव आज जगभर घेतलं जातं, पण त्याचा विश्वासार्ह मूळ पाठ लोकांच्या हाती पहिल्यांदा आला तो या मालिकेतून.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ब्राउनचं काम कसं चालायचं ते त्यात दिसतं.

खय्याम. आपल्याकडे माधव जूलियनांमुळे तो घराघरात गेला. त्यांनी मूळ फारसीवरूनही रुबाया केल्या आणि फिट्झेराल्डच्या इंग्रजी भाषांतरावरूनही. फिट्झेराल्डच्या प्रस्तावनेत ती प्रसिद्ध गोष्ट आहे: खय्याम, पुढे वजीर झालेला निज़ामुल्मुल्क आणि पुढे अलमूतचा किल्ला बळकावून बसलेला हसन सब्बाह, हे तिघे एका गुरूकडचे सोबती, आणि ज्याचं भाग्य उघडेल त्याने बाकीच्या दोघांना सांभाळायचं असा तिघांचा करार. गोष्ट इतकी छान की कुणी हिशेबच केला नाही. ब्राउनने केला. निज़ामुल्मुल्क १०१८ चा. हसन वारला ११२४ मध्ये, खय्यामही त्याच सुमारास किंवा नंतर. तिघे एकाच वर्गात असते तर हसन आणि खय्याम दोघेही शंभरी पार करून वारले असं मानावं लागतं. एकाने शंभरी गाठली तर समजू, दोघांनी? एवढं म्हणून तो थांबला नाही. गोष्ट किती जुनी आहे ते शोधत तो मंगोलकालीन रशीदुद्दीनच्या इतिहासापर्यंत मागे गेला. म्हणजे दंतकथा खोटी, पण फिट्झेराल्डची किंवा त्याच्या काळातली बनवाबनवी नव्हे. तीही सहाशे वर्षांची वयस्कर.

याच्या जोडीला त्याने दुसरं काम केलं. निज़ामी अरूज़ीचं 'चहार मक़ाला' हे बाराव्या शतकाच्या मध्यातलं छोटंसं पुस्तक. राजाला चार माणसं लागतात, चिटणीस, कवी, ज्योतिषी आणि वैद्य, म्हणून चार प्रकरणं. ब्राउनने १८९९ मध्ये त्याचं भाषांतर केलं. या निज़ामीने खय्यामला प्रत्यक्ष पाहिलं होतं, बल्ख़ला, १११२-१३ च्या सुमारास. त्याने खय्यामला कवींच्या प्रकरणात जागाच दिलेली नाही. खय्याम येतो ज्योतिष्यांच्या प्रकरणात! ज्याला आपण रुबायांचा बादशहा म्हणतो, तो ज्याने त्याला डोळ्यांनी पाहिलं त्याच्या लेखी पंचांगवाला विद्वान होता. खय्यामच्या कवितेविषयी हजार पानं लिहिण्यापेक्षा हे एक प्रकरण वाचकापुढे ठेवणं जास्त मोलाचं, हे ब्राउनला कळत होतं.

जाता जाता एक आपल्या बाजूचं. खय्यामची जन्मतारीख आज १०४८ च्या मे महिन्यातली मानतात. ती एका जुन्या ग्रंथात उतरवलेल्या त्याच्या कुंडलीवरून गणित करून काढली स्वामी गोविंदतीर्थांनी, मूळ आडनाव दातार. त्यांचं इंग्रजी पुस्तक अलाहाबादहून १९४१ मध्ये निघालं. कुंडली बघून इतिहास सोडवायला दातारांसारखा माणूसच हवा.

'चहार मक़ाला'ची मूळ फारसी आवृत्ती गिब मालिकेत १९१० मध्ये आली, आणि ती ब्राउनच्या नावाने नाही. मुखपृष्ठावर नाव मिर्झा मुहम्मद क़ज़वीनी यांचं. जुवैनीवरही त्यांचंच. क़ज़वीनी युरोपात हस्तलिखितं धुंडाळत फिरणारे इराणी विद्वान, पाठचिकित्सेत भल्याभल्या युरोपीयांना भारी. त्या काळचा रिवाज काय होता? देशी मुन्शी, पंडित, मौलवी काम करायचे आणि प्रस्तावनेच्या तळाशी एका ओळीत त्यांचे आभार मानायचे. आपल्याकडचे कोश-व्याकरणं उघडून बघा. ब्राउनने इराणी माणसाला संपादक म्हणून छापलं, पगार दिला, आणि त्याची पत्रं स्वतःच्या ग्रंथात जशीच्या तशी प्रमाण म्हणून दिली. सफवी काळात मोठे कवी का झाले नाहीत, या प्रश्नावर चौथ्या खंडात ब्राउन स्वतः निवाडा देत नाही. क़ज़वीनींचं १९११ चं पत्रच पुढे ठेवतो. लाहोरचे मुहम्मद इक़्बाल (कवी इक़्बाल नव्हेत, ते वेगळे) ब्राउनकडे शिकले आणि सल्जूक़ांचा इतिहास 'राहतुस्सुदूर' त्यांनी १९२१ मध्ये याच मालिकेत संपादित केला.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण रस्त्याचं उत्तर त्यात आहे. १९०६ मध्ये इराणला घटना आणि मजलिस, म्हणजे संसद, मिळाली. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने बसून इराण आपापल्या प्रभावक्षेत्रांत वाटून घेतला, इराणला न विचारता. १९०८ मध्ये शहाने रशियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कोसॅक पलटणीकडून मजलिसवर तोफा डागल्या. ब्राउनने त्याच वर्षी लंडनमध्ये खासदारांना सोबत घेऊन पर्शिया कमिटी उभी केली, परागंदा झालेल्या तक़ीज़ादांसारख्या घटनावाद्यांना केंब्रिजमध्ये आसरा दिला, १९१० मध्ये क्रांतीचा इतिहास लिहिला. रशियनांनी तबरीझमध्ये घटनावाद्यांना फासावर लटकवलं, तेव्हा तिथून आलेली पत्रं आणि फाशीची छायाचित्रं त्याने १९१२ मध्ये इंग्रजांच्या तोंडासमोर धरली. स्वतःच्या सरकारच्या परराष्ट्र धोरणाविरुद्ध, भर युरोपीय तणावात. १९१४ मध्ये इराणी वर्तमानपत्रांवर आणि त्यांतल्या राजकीय कवितांवर पुस्तक काढलं. कालच्या वर्तमानपत्रातली कविताही साहित्य आहे असं म्हणणारा प्राध्यापक तेव्हा विरळाच. क्रांतीचा त्याचा इतिहास पक्षपाती आहे, यात वाद नाही; मित्रांनी पाठवलेली माहिती त्याने मित्र म्हणूनच वापरली. आणि उलट बाजूही आहे: इजिप्त, सुदान आणि पूर्वेकडच्या वकिलातींत जाणारे साम्राज्याचे अधिकारी केंब्रिजमध्ये अरबी-फारसी शिकत, तेही ब्राउनच्याच खटपटीने. साम्राज्याच्या बाहेर कुणीच उभं नव्हतं. पण एवढं करून पाठीवर सरकारी शिक्का न घेता राहिला, म्हणून त्या रस्त्यावरची पाटी जागेवर आहे.

आता दख्खनच्या वाचकाला थेट बोचणारी गोष्ट.

हिंदुस्थानात लिहिली गेलेली फारसी ब्राउनला अस्सल वाटत नसे. तिला इराणी मातीचा दरवळ नाही असं त्याचं मत, आणि म्हणून त्याने ती बरीचशी बाजूला ठेवली. उर्फ़ी, फ़ैज़ी, साइब यांच्याविषयी लिहिलं आहे, शिब्ली नोमानींच्या उर्दू 'शेरुल अजम'चा मोकळेपणाने आधारही घेतला आहे. पण विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर हा त्याच्या नकाशाचा काठ. विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी बसून ज़ुहूरी या कवीने जे गद्य लिहिलं ते पुढे दोन शतकं हिंदुस्थानात नमुना म्हणून गिरवलं गेलं. फिरिश्ताने आपला इतिहास तिथेच लिहिला; त्याचा मूळ फारसी पाठ १८३१-३२ मध्ये मुंबई-पुण्यात शिळाछापावर निघाला होता, ब्राउनच्या जन्माच्या तीस वर्षं आधी. हे ग्रंथ त्याला अप्राप्य नव्हते. त्याला ते नको होते.

ही आवड त्याची एकट्याची नव्हती. अठराव्या शतकापासून इराणातच एक लाट आली होती: सफवी काळातली गुंतागुंतीची शैली टाकून जुन्या खुरासानी साधेपणाकडे परत जा म्हणणारी. 'आतशकदा'सारखे तज़किरे साइबला नाकं मुरडत होते. त्या शैलीला पुढे 'सब्क-ए-हिंदी' हे नाव चिकटलं, जणू तो हिंदुस्थानी रोग. ब्राउनला हा चष्मा त्याच्या इराणी मित्रांकडून मिळाला आणि इंग्रजीत आल्यावर तो जगाचा झाला. ज्या गुणामुळे तो मोठा, म्हणजे इराणी माणसाचं ऐकणं, तोच गुण इथे आपल्या मुळावर आला. उर्दू समीक्षक शम्सुर्रहमान फ़ारूक़ींनी या शैलीची बाजू इतक्या ताकदीने मांडली की आता तो जुना शेरा सहज मारता येत नाही.

मी स्वतः यात पुरता फसलो होतो. सुरुवातीची कित्येक वर्षं मी दख्खनी कागद वाचताना समासात 'अशुद्ध' म्हणून खुणा करत गेलो. तेहरानी फारसी कानात बसलेली, आणि समोर कागदावर वेगळंच. जुनी वही अजून आहे माझ्याकडे. त्यातल्या निम्म्याहून जास्त खुणा चुकीच्या आहेत. मी अपभ्रंश समजत होतो ते इथलं रूढ प्रशासकीय फारसी होतं, स्वतःच्या नियमांनी चालणारं.

उच्चाराचंच घ्या. इराणात आज 'रूज़' म्हणतात, 'दूस्त' म्हणतात, 'ज़ूर' म्हणतात. आपण मराठीत रोज, दोस्त, जोर म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण बिघडवलं. खरं उलट आहे. जुन्या फारसीत 'ए' आणि 'ओ' हे स्वतंत्र दीर्घ स्वर होते. इराणमध्ये ते पुढे 'ई' आणि 'ऊ'त मिसळून गेले. हिंदुस्थानी फारसीने ते जपले. म्हणून आपल्याकडे वाघ-सिंहाचा 'शेर' आणि दुधाचा 'शीर' असे दोन वेगळे शब्द राहिले; तेहरानमध्ये दोन्ही 'शीर'. सादी आज बाजारात आला तर 'रोज' ऐकून त्याला ओळखीचं वाटेल.

तेव्हा दख्खनी कागद वाचणाऱ्याने ब्राउनच्या कानाने वाचू नये. ब्राउनचा चौथा खंड आला १९२४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला. दोघांचा एकमेकांशी संबंध मी जोडत नाही. पण ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की आपलं काम कळतं: एकाने फारसीला इराणच्या सीमेत बसवलं, दुसऱ्याने ती मराठीच्या हाडामांसात कुठवर शिरली ते मोजलं.

व्यवहाराचं सांगतो. १८९३ चं प्रवासवर्णन आधी, सलग. खंड सलग वाचू नका. संदर्भासाठी जवळ ठेवा. दुसरा आणि तिसरा सर्वांत कामाचे, कारण मंगोल-तैमुरी इतिहासकारांवर त्याने मूळ हस्तलिखितं वाचून लिहिलं आहे. चौथ्यातले सफवी-काजार काळावरचे गद्यग्रंथांचे भाग अजून उपयोगी. काव्यावरची मतं मिठाच्या खड्यासोबत घ्या. हिंदुस्थानी फारसीसाठी ज़बीहुल्ला सफ़ांचे खंड बघा, त्यांत या बाजूला खूप जागा आहे. तुम्ही फारसीत वाचू लागलात की ब्राउनही फारसीत वाचून बघा. तिसऱ्या खंडाचं भाषांतर अली असग़र हिकमतांनी केलं, चौथ्याचं रशीद यासमींनी. अनुवादकांनी तळटीपांत त्याच्याशी जे वाद घातले आहेत ते कधीकधी मूळ मजकुरापेक्षा चांगले.

आणि वैद्यकात रस असेल तर १९२१ चं अरबी वैद्यकावरचं छोटं पुस्तक. डॉक्टर झालेला, पण कधी दवाखाना न थाटलेला माणूस राज़ी आणि इब्न सिना यांच्याविषयी लंडनच्या डॉक्टरांपुढे बोलतोय; त्याला मजा येतेय हे पानोपानी कळतं.

दोन वर्षांच्या फारसीवर लगेच काय जमेल असं विचाराल, तर खंडांतलं काही नाही. क़ज़वीनींची 'चहार मक़ाला'ची आवृत्ती मिळवा, तिसरं प्रकरण उघडा. खय्याम बल्ख़च्या बैठकीत म्हणतो, माझी कबर अशा ठिकाणी असेल जिथे झाडं फुलांचा सडा घालतील. निज़ामीला ते अशक्य वाटतं. बऱ्याच वर्षांनी, ११३५-३६ च्या सुमारास, तो निशापुरला जातो, वाटाड्या घेऊन कब्रस्तानात शिरतो. बागेच्या भिंतीलगत कबर, भिंतीवरून नासपती आणि आलुबुखाऱ्याच्या जातीची झाडं वाकलेली, आणि फुलं इतकी पडलेली की माती दिसत नाही. गद्य सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत. शब्दकोश घेऊन बसलात तर एका संध्याकाळी होईल. ती झाडं नेमकी कोणती यावर मात्र कोश उघडून खात्री करून घ्या, माझ्यावर विसंबू नका.